आधी बाहुली, मग बर्फ

सकाळी दात घासताना आरशात दोन्ही डोळे सारखे. दुपारच्या जेवणानंतर उजवा किंचित बारीक. संध्याकाळी मालिका लागेपर्यंत पापणी बाहुलीवर आलेली, आणि घरातले विचारतात, ‘रात्री झोप झाली नाही का?’ झोप झाली की सकाळी पुन्हा सगळं जागेवर. असा माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. अपॉइंटमेंट सकाळी साडेदहाची असेल तर तिथे डोळा छान उघडा. कागदावर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि संध्याकाळी पापणी पुन्हा खाली.

दिवसभरात असं वरखाली होणं हे मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचं सगळ्यात बोलकं लक्षण. हा आजार अर्ध्याहून अधिक रुग्णांत डोळ्यांपासूनच सुरू होतो: पापणी पडते किंवा एकाचे दोन दिसतात. तो ओळखण्यासाठी लागणाऱ्या पहिल्या तपासण्या खाटेपाशी करता येतात. छोटी बॅटरी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि थोडा बर्फ, एवढंच सामान. तपासण्या सोप्या आहेत, पण त्यांचा क्रम चुकला तर महागात पडतं. पापणी पडलेली दिसली रे दिसली की बर्फ शोधायला धावणारे उत्साही लोक आहेत. बर्फाला वेळ आहे. आधी बाहुली बघायची.

पापणी उचलतं कोण

वरची पापणी उचलायचं मुख्य काम लेव्हेटर नावाच्या स्नायूचं. त्याला हुकूम येतो मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेकडून. त्याच्या जोडीला म्यूलरचा स्नायू असतो, इवलासा आणि आपल्या इच्छेने न हलणारा. त्याला सिम्पथेटिक मज्जातंतू चालवतात आणि तो पापणी जेमतेम २ मिलिमीटर वर धरून ठेवतो. पापणी मिटायचं काम डोळ्याभोवती गोल फिरलेल्या ऑर्बिक्युलॅरिसचं, आणि त्याची नस वेगळी, सातवी. शिवाय कपाळाचा स्नायू मदतीला येतो: पापणी उतरली की माणूस नकळत भुवया वर ओढतो. कपाळावर एकाच बाजूला आठ्या दिसल्या तर त्या बाजूची पापणी नीट बघावी.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. पापणी उचलणारी नस तिसरी, मिटणारी सातवी. दोन्ही कामं एकदमच ढिली पडली असतील तर दोष एकट्या तिसऱ्या नसेवर ढकलता येत नाही. मग शोध स्नायूत घ्यावा लागतो, किंवा नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यात.

मायस्थेनियाचा दोष त्या सांध्यात असतो. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या पृष्ठभागावरचे ग्राही ते झेलतात आणि स्नायू आखडतो. सतत हुकूम येत राहिले की प्रत्येक वेळी सुटणारं ॲसिटिलकोलीन थोडं थोडं कमी होत जातं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, पण निरोगी माणसात ग्राही इतके मुबलक असतात की ही घट जाणवत नाही. मायस्थेनियात शरीराचीच प्रतिपिंडं या ग्राहींवर हल्ला करतात आणि हाताशी शिल्लक अशी उरतच नाही. इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असेल तेव्हा पातळी चार बोटं उतरली तर कुणाला पत्ता लागत नाही. टाकी तळाला गेली असेल तर तीच चार बोटं उतरली की सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ आधी आटतो. पापणीचा स्नायू हा तो वरच्या मजल्यावरचा नळ. जागेपणी त्याला सुट्टी नसते. थोडा वेळ वापर थांबवला की पातळी पुन्हा चढते, म्हणून विश्रांतीनंतर डोळा उघडतो. पुढच्या बहुतेक चाचण्यांत या एकाच गोष्टीचा वेगवेगळा वापर केलेला आहे: स्नायू मुद्दाम दमवायचा आणि बघायचं, किंवा त्याला सावरायला मदत करायची आणि बघायचं.

बॅटरी आणि बाहुली

बाहुली लहानमोठी करणाऱ्या स्नायूंवरचे ग्राही वेगळ्या जातीचे असतात. मायस्थेनियाची प्रतिपिंडं त्यांच्या वाटेला जात नाहीत. म्हणून मायस्थेनियात पापणी कितीही पडली तरी दोन्ही बाहुल्या सारख्या असतात आणि उजेडात झटकन लहान होतात. हा नियम मोडला तर निदान बदलतं, आणि बहुतेक वेळा घाईचं होतं.

पापणी पडली आहे, ती हाताने उचलली तर डोळा खाली आणि बाहेर वळलेला आहे, बाहुली मोठी आहे आणि उजेडाला दाद देत नाही: ही तिसरी नस दबल्याची खूण. सोबत नव्याने सुरू झालेली जबर डोकेदुखी असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीला फुगा आला असण्याची शक्यता असते आणि तो फुटू शकतो. इथे बर्फ, पट्टी वगैरे काही काढत बसू नये. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन होईल अशा रुग्णालयात त्याच दिवशी, लगेच.

उलट प्रकारही असतो. पापणी १-२ मिलिमीटरच उतरलेली आणि त्याच बाजूची बाहुली लहान. हा हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे म्यूलरच्या स्नायूचे सिम्पथेटिक तंतू तुटलेत. भरउजेडात दोन्ही बाहुल्या लहानच असतात, त्यामुळे फरक निसटतो. खोलीतला दिवा घालवून अंधुक उजेडात बघायचं: चांगली बाहुली पटकन मोठी होते, आजारी बाहुली रेंगाळते. ५ सेकंदांनी एकदा आणि १५ सेकंदांनी पुन्हा बघितलं की रेंगाळणं पकडता येतं. मान दुखत असेल, मानेला हिसका बसला असेल, तर मानेतल्या कॅरोटिड धमनीचा पदर फाटला असू शकतो. तीही तातडीचीच गोष्ट. बरेच दिवस खांदा-हात दुखत असेल तर फुप्फुसाच्या टोकाचा एक्स-रे बघितल्याशिवाय राहू नये.

एक अडचण मात्र राहते. मधुमेहात तिसऱ्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा पापणी पडते, डोळा वळतो, पण बाहुली बऱ्याचदा वाचते. म्हणजे बाहुली बिघडली असेल तर मायस्थेनिया जवळजवळ बाद होतो, पण बाहुली चांगली आहे एवढ्यावर मायस्थेनिया सिद्ध होत नाही.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

‘पापणी थोडी पडलीय’ या वाक्याचा उपयोग शून्य. बर्फाआधी किती आणि बर्फानंतर किती, हे आकड्यात नसेल तर चाचणी केलीच नाही असं धरावं.

रुग्णाला आपल्या डोळ्यांच्या पातळीवर बसवा. बॅटरी समोर धरली की बुबुळाच्या मध्यावर उजेडाचा एक ठिपका चमकतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. साधारण ४ ते ५ मिलिमीटर हे ठीक. पापणी ठिपक्यावरच आली असेल तर शून्य. हे मोजताना रुग्णाच्या भुवया खाली सैल हव्यात आणि हनुवटी सरळ. पापणी पडलेला माणूस हनुवटी वर करून, नाकावरून बघायला शिकलेला असतो. तसंच मोजलं तर दोनतीन मिलिमीटर पदरात फुकट पडतात.

दुसरं माप लेव्हेटरच्या ताकदीचं. अंगठ्याने भुवई हाडावर घट्ट दाबून धरा, म्हणजे कपाळाची लबाडी बंद. रुग्णाला पायाकडे बघायला सांगा, पट्टीचा शून्य पापणीच्या कडेवर ठेवा, आणि मग डोकं न हलवता छताकडे बघायला सांगा. कड ८ मिलिमीटर किंवा जास्त सरकली तर स्नायू चांगला, ५ ते ७ म्हणजे बेताचा, ४ किंवा कमी म्हणजे कमजोर.

या दुसऱ्या मापामुळे एक मोठा गट बाजूला काढता येतो. वयाने, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याने किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लेव्हेटरची पातळ कंडरा सैल होते. तिथे स्नायू ठणठणीत असतो, म्हणून पापणी खालून वर पूर्ण सरकते, पण बसते खालीच. पापणीवरची घडीही नेहमीपेक्षा वर गेलेली असते. जन्मतः पापणी पडलेल्या मुलात उलट: स्नायू तंतुमय आणि ताठ, त्यामुळे खाली बघताना पडलेली पापणी दुसरीपेक्षा वरच राहते. काही वयस्कर लोकांत पापणी पडलेलीच नसते. सुटलेली कातडी पापणीच्या कडेवरून ओघळलेली असते. कातडी बोटाने अलगद उचलली की खाली पापणी आपल्या जागी दिसते.

सैल कंडरेची पापणीही संध्याकाळी थोडी जास्त उतरते, हे सांगायला हवं. ‘संध्याकाळी वाढतं’ एवढ्यावर मायस्थेनियाचा शिक्का मारणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे.

दमवून बघणं

बोट किंवा पेन रुग्णाच्या कपाळाच्या वर धरा आणि डोकं स्थिर ठेवून त्याकडे बघत राहायला सांगा. घड्याळ लावा. पूर्ण १ मिनिट. मायस्थेनियाच्या तीव्रतेचा जो जगभर वापरला जाणारा गुणतक्ता आहे, त्यात ६१ सेकंदांपर्यंत पापणी टिकली तर शून्य गुण, ११ ते ६० सेकंदांत उतरली तर सौम्य, १ ते १० सेकंदांत उतरली तर मध्यम, आणि वर न बघताच उतरलेली असेल तर तीव्र. गडबड होते ती वेळेत. वीस सेकंद बघून ‘निगेटिव्ह’ लिहिणारे खूप. रुग्ण मधेमधे पापणी मिटत असेल तर तेवढीच विश्रांती त्याला मिळते. ‘शक्यतो मिटू नका’ असं आधीच सांगून ठेवावं. आणि किती सेकंदांनी किती मिलिमीटर उतरली हे लिहावं, नुसतं बरोबर-चूक नाही.

याच्या उलट वागणारा एक आजार आहे, लँबर्ट-ईटन. तिथे बिघाड नसेच्या टोकाकडे असतो, आणि काही वेळ वर बघितल्यावर पापणी उतरायऐवजी थोडी चढते. या रुग्णांची मुख्य तक्रार मांड्यांत ताकद नसण्याची आणि तोंड कोरडं पडण्याची असते. बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर फुप्फुस तपासल्याशिवाय सोडू नये, कारण निम्म्याच्या आसपास रुग्णांत मागे फुप्फुसाचा कर्करोग असतो.

पापणीची उचकी बघणं ही खरी नजरेची परीक्षा. रुग्णाला १५-२० सेकंद खाली, मांडीकडे बघायला सांगा. तेवढ्यात लेव्हेटरला विश्रांती मिळते. मग ‘आता समोर बघा’ म्हणा आणि नजर फक्त पापणीच्या कडेवर ठेवा. मायस्थेनियात पापणी टुणकन जागेच्या वर उडी मारते आणि लगेच घसरते, कधी एकदोनदा थरथरून. ताजातवाना झालेला स्नायू सेकंदभर जोर लावतो आणि दम संपतो. सगळा खेळ एका सेकंदाचा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला तर शांतपणे बघता येतं. डेव्हिड कोगन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १९६५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही कोगनची खूण. ती मायस्थेनियातच दिसते असं नाही, त्यामुळे एकटीवर विसंबू नये.

पडद्याची खूण तर गंमतच आहे. दोन्ही लेव्हेटरना हुकूम मेंदूतल्या एकाच केंद्रातून, सारख्याच जोराचा जातो. एक पापणी फार पडली की केंद्र जोर वाढवतं, आणि तो जोर आपोआप दुसऱ्या बाजूलाही मिळतो. दुसरी पापणी त्या उधारीच्या जोरावर उभी असते. आता जास्त पडलेली पापणी बोटाने उचलून धरा. केंद्राला वाटतं काम झालं, जोर कमी होतो, आणि इतका वेळ चांगली वाटणारी दुसरी पापणी पडद्यासारखी हळूहळू खाली येते. आजार दोन्ही बाजूंना होता, एका बाजूचा झाकला गेला होता. याचाच व्यवहारी धडा: एक डोळा मोठा वाटतो म्हणून आलेल्या माणसाचा खरा दोष कधीकधी दुसऱ्या, बारीक डोळ्यात असतो.

आणि मिटण्याची ताकद. ‘डोळे गच्च मिटा, मी उघडायचा प्रयत्न करतो, उघडू देऊ नका.’ निरोगी माणसाच्या पापण्या बोटांनी उघडणं जड जातं, पापण्यांचे केस कातडीत गाडले जातात. मायस्थेनियात त्या सहज उघडतात. मग न दाबता अर्धा मिनिट डोळे मिटून ठेवायला सांगा. स्नायू दमला की पापण्यांत फट पडते आणि आतलं पांढरं दिसतं, जणू माणूस चोरून बघतोय. सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी हीच, असं आमचं मत. तिसऱ्या आणि सातव्या नसेची कामं एकदम ढिली, हा मघाचा मुद्दा इथे सिद्ध होतो.

आता बर्फ

थंडीत ॲसिटिलकोलीन तोडणारं विकर मंदावतं, आणि ग्राहीचं दार उघडलं की थोडं जास्त वेळ उघडं राहतं. दोन्हींमुळे आहे तेवढ्या ग्राहींवर काम भागतं. रुग्णांना हे न शिकवता ठाऊक असतं: उन्हात, तापात, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर पापणी जास्त उतरते.

चाचणी पापणी उतरलेली असतानाच करायची, म्हणजे दुपारनंतर, किंवा सकाळी असेल तर आधी मिनिटभर वर बघायला लावून. पापणी १ मिलिमीटरच उतरलेली असेल तर २ मिलिमीटर सुधारायला जागाच नसते. बर्फाचा चुरा करा; मोठा खडा टोचतो आणि सगळीकडे सारखा टेकत नाही. चुरा रबरी हातमोज्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा, वर गॉजचा किंवा पातळ सुती कापडाचा एकच थर. जाड नॅपकिन गुंडाळला तर गारवा आत पोचतच नाही. आधी अंतर मोजा, फोटो काढा. रुग्णाने डोळे हलके मिटायचे, पुरचुंडी पापणीवर नुसती टेकवायची. बुबुळ दाबायचं नाही. घड्याळ लावून २ मिनिटं. काढा, पाणी टिपा, डोळे उघडायला सांगा आणि पहिल्या १० सेकंदांत मोजा. परिणाम मिनिटभरात ओसरायला लागतो. पट्टी शोधण्यात तो गेला तर चाचणी वाया. २ मिलिमीटर किंवा जास्त सुधारणा म्हणजे सकारात्मक.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मायस्थेनियाच्या २० पैकी १६ रुग्णांत ही चाचणी सकारात्मक आली, आणि दुसऱ्या कारणांनी पापणी पडलेल्या २० पैकी एकातही नाही. उरलेले ४ विसरू नयेत. पापणी पूर्ण मिटलेली असेल तेव्हा बर्फ बऱ्याचदा हरतो, कारण ग्राही इतके घटलेले असतात की वाचवलेलं ॲसिटिलकोलीनही पुरत नाही. एकाचे दोन दिसण्यासाठी हीच चाचणी करताना बर्फ ५ मिनिटं ठेवतात, पण पापणीवर वेळ वाढवून फायदा नाही; स्नायू फार गार झाला की त्याचं आखडणंच मंदावतं आणि निकाल उलटा दिसतो. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा थंडीने बोटं पांढरीनिळी पडण्याचा त्रास असेल तर बर्फ टाळावा.

चाणाक्ष वाचक इथे विचारेल: २ मिनिटं डोळे मिटले होते, मग सुधारणा बर्फाची की विश्रांतीची? प्रश्न रास्त आहे, दोन्हींचा वाटा असतो. म्हणून आधी बर्फाशिवाय २ मिनिटं डोळे मिटवून मोजावं, पुन्हा पापणी दमवावी आणि मग बर्फ लावावा. बर्फाने जास्त सुधारली तर पुरावा बळकट. नुसत्या विश्रांतीनेही सुधारली तरी ती माहिती मायस्थेनियाच्याच बाजूची. बर्फ नसेल तर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास डोळे मिटून पडायला सांगावं आणि उठल्या उठल्या मोजावं. ही झोपेची चाचणी. वेळखाऊ, पण फुकट आणि बिनधोक.

इंजेक्शनची चाचणी घरी नाही

१९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिचमधल्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मायस्थेनियाचे रुग्ण क्युरारे या बाणाच्या विषाची बाधा झाल्यासारखे दिसतात. त्या विषावरचा उतारा, फायझोस्टिग्मिन, त्यांनी रुग्णाला टोचला आणि पडलेली पापणी उघडली. आजची निओस्टिग्मिनची चाचणी त्याच वाटेवरची: तेही ॲसिटिलकोलीन तोडणारं विकर अडवतं. मोठ्या माणसाला १.५ मिलिग्रॅम स्नायूत देतात, सोबत ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन, कारण निओस्टिग्मिनने नाडी मंदावते, लाळ सुटते, पोटात मुरडा येतो. सुधारणा साधारण १५ मिनिटांत दिसू लागते. झटपट काम करणारं एड्रोफोनियम आता बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. दमा किंवा हृदयाची गती मंद असलेल्यांत धोका असतो, म्हणून हे फक्त रुग्णालयात, मॉनिटर लावून.

मण्यार

आपल्याकडे पापणी पडण्याचं एक कारण शहरी पुस्तकं शेवटी लिहितात आणि कोकणातल्या किंवा विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात ते पावसाळ्यात पहिलं असतं. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, घसा जड, आणि डोळे उघडत नाहीत. मण्यार चावल्याची जागा सुजत नाही, दुखत नाही, कित्येकदा दिसतही नाही. काही तासांत नव्याने दोन्ही पापण्या पडल्या तर साप नाकारेपर्यंत साप समजायचा. बर्फाची चाचणी करत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि प्रतिविष व कृत्रिम श्वासाची सोय असेल तिथे.

नागाचं विष स्नायूकडच्या ग्राहींना चिकटतं, अगदी क्युरारेसारखं. म्हणून नाग चावलेल्याला प्रतिविषाच्या जोडीने निओस्टिग्मिन दिलं तर पापणी उघडू शकते. मण्यारचं विष नसेची टोकंच उद्ध्वस्त करतं. सोडायला ॲसिटिलकोलीनच नसेल तर ते वाचवून काय मिळणार? तिथे निओस्टिग्मिनचा सहसा उपयोग होत नाही आणि टोकं पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटरवर काढावं लागतं. इंजेक्शनचा उपयोग झाला की नाही हे ठरवायला भारतातल्या सर्पदंशाच्या उपचारपद्धतीत साधी मापं दिली आहेत: बुबुळ किती मिलिमीटर उघडं आहे, वर बघणं किती सेकंद टिकतं, तोंड उघडल्यावर वरच्या-खालच्या दातांत किती अंतर, आणि एका श्वासात किती आकडे म्हणता येतात. तासभर, दर दहा मिनिटांनी.

मण्यारच्या बाधेत बाहुल्याही मोठ्या आणि निश्चल होऊ शकतात, हातपाय हलत नाहीत, आणि माणूस मेंदू मेल्यासारखा दिसतो. तो शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवतीचं बोलणं ऐकत असतो. त्याच्याशी बोलत राहावं.

न थकणाऱ्या पापण्या

दोष खुद्द स्नायूत असेल तर पापणी वर्षांच्या हिशेबाने, दोन्हीकडे सारखी उतरते. सकाळ-संध्याकाळचा फरक नाही, बर्फाने फरक नाही. जुने फोटो मागवावेत, लग्नाच्या अल्बममध्ये निदान सापडतं. मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या दोषात डोळ्यांच्या हालचालीही हळूहळू थिजतात, पण दोन्ही डोळे एकदमच थिजत असल्याने बहुतेकांना एकाचे दोन दिसत नाहीत. विशीच्या आत सुरुवात असेल तर ईसीजी काढलाच पाहिजे, हृदयाच्या ठोक्यांची वाट अडू शकते. चाळिशीनंतर पापण्या आणि सोबत गिळायला त्रास, घरात आणखी कुणाला तसंच, असं असेल तर ८० मिलिलिटर बर्फाचं गार पाणी बसून प्यायला द्यावं. ७ सेकंदांहून जास्त लागले तर गिळणं बिघडलेलं आहे. आधीच ठसका लागत असेल तर ही चाचणी करू नये. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात हस्तांदोलन पुरतं: मूठ १० सेकंद आवळून ‘आता झटकन सोडा’ म्हटलं की बोटं हळूहळू, चिकटल्यासारखी उलगडतात.

श्वास मोजणं

पापणीची तपासणी झाली की दोन मिनिटं मानेखाली द्यावीत. एकदा मोठा श्वास घेऊन, मधे श्वास न घेता, सेकंदाला साधारण दोन या गतीने मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. निरोगी माणूस ४०-५० पर्यंत सहज जातो. २० च्या आत दम संपला, आवाज नाकातून येऊ लागला, पाणी नाकावाटे परत आलं, उताणं झोपून डोकं उशीवरून उचलता येईना, तर पापणीचा प्रश्न मागे पडतो. अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठावं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दाखवत असेल तरी. श्वासाचे स्नायू दमत असताना तो आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो.

खाटेपाशी संशय बळावला की न्यूरॉलॉजिस्ट रक्तात ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडं तपासतात. आजार अंगभर असेल तर ती सुमारे ८५ टक्क्यांत सापडतात, डोळ्यांपुरता असेल तर निम्म्यांतच. म्हणजे अहवाल कोरा आला तरी २ मिलिमीटर उघडलेली पापणी खोटी ठरत नाही. मग नसेला सेकंदाला ३ वेळा हलके विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरतो का ते बघतात, आणि छातीचा सीटी स्कॅन करतात, कारण १० ते १५ टक्के रुग्णांत छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ निघते. नुसत्या डोळ्यांच्या आजारापासून सुरुवात झालेल्यांपैकी निम्म्यांना किंवा त्याहून अधिकांना तो पुढे अंगभर पसरतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत.

तपासणीला जाताना सकाळचे आणि संध्याकाळचे चारपाच दिवसांचे फोटो न्यावेत, एकाच जागी, एकाच उजेडात, समोरून, भुवया सैल सोडून काढलेले. मायस्थेनियावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी आधीच चालू असेल तर तिने पापणी उचललेली असते आणि बर्फाला दाखवायला काही उरत नाही. पण ती किती तास आधी थांबवायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. चालू औषधांची यादीही हवी, डोळ्यात टाकायच्या थेंबांसकट. काचबिंदूसाठीचा टिमोलॉल, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, क्विनीन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम: यांतलं काहीही या सांध्यावरचा भार वाढवतं. साध्या खोकल्यासाठी मेडिकलमधून न विचारता आणलेल्या तीन गोळ्यांच्या पाकिटातही यातलंच एक असतं.